हौसेला मोल नसतं, पण हिशेब असतो

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सेक्रेटरींनी सांगितलं, "तुमच्या त्या कव्हरखालच्या गाडीबद्दल बोला. सगळ्यांना कुतूहल आहे." ते खरंच आहे. सी विंगच्या स्टिल्टमध्ये आठवड्याचे सहा दिवस राखाडी कव्हर घालून काहीतरी उभं असतं आणि रविवारी पहाटे ते नाहीसं होतं. वॉचमनकाका सोडले तर ते जाताना फार कोणी पाहिलेलं नाही. आज त्या कव्हरखालच्या गाडीबद्दल बोलणार आहे. पण त्याहून जास्त बोलणार आहे ते गेलं वर्षभर आमच्या घरात चाललेल्या एका प्रश्नाबद्दल. ही गाडी विकून तिच्याहून पुष्कळ महाग स्पोर्ट्स कार घ्यायची का?

विषय श्रीमंती थाटाचा वाटेल. पण गाडीच्या जागी तुम्ही काहीही ठेवा. मोठा कॅमेरा, पाचगणीचा बंगला, नवी सतार. ज्याच्यावाचून अडत नाही अशी गोष्ट महागात घ्यायची की नाही, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न आपल्या प्रत्येक मजल्यावर कधी ना कधी येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हाचं पार्किंग आठवा. मारुती ८००, एखादी सँट्रो, आपल्या पिंपरीत बनलेली इंडिका आणि उरलेल्या सगळ्या स्कूटर. गाडी म्हणजे ऑफिस, दवाखाना, गावी जाणं आणि लग्नसराई. फक्त चालवण्याचा आनंद घ्यायला वेगळी गाडी असते, ही कल्पनाच नव्हती. आज आपल्याकडे अशा तीन आहेत. त्यातली एक माझी.

माझी गाडी म्हणजे पोलो जीटीआय. दिसायला चारचौघींसारखी, म्हणून ओळखू येत नाही. तीन दारं, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९२ अश्वशक्ती. कंपनीने २०१६ च्या अखेरीस भारतात फक्त ९९ गाड्या आणायचं जाहीर केलं होतं. शून्यापासून शंभराचा वेग ती सुमारे ७.२ सेकंदांत गाठते. मला जिचा मोह पडला आहे ती आहे पोर्शची ७१८ बॉक्स्टर. तीही नवी नाही, सात-आठ वर्षं वापरलेली. दोन सीट, उघडणारं छप्पर, ३०० अश्वशक्ती, आणि शंभराला पाच सेकंदांच्या आसपास.

आता इथे कोणीतरी म्हणणार, दोन सेकंदांसाठी एवढे पैसे? बरोबर आहे. दोन सेकंदांसाठी असेल तर वेडेपणाच आहे. एक्सप्रेसवेवर मर्यादा ताशी १०० ची, घाटात ६० ची, आणि आता वर कॅमेरे लागले आहेत. माझ्या आत्ताच्या गाडीचीच निम्मी ताकद कायद्यात राहून वापरता येत नाही. तीनशे घोडे घेऊन मी त्यांना बांधणार कुठे?

पण मोह सेकंदांचा नाही. तो नीट सांगतो, नाहीतर माझ्या बाजूवर अन्याय होईल. तुम्ही दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेतल्या आहेत असं समजा. बादल्या अंगालगत धरल्या तर चटकन वळता येतं. हात लांब करून धरल्या तर वळायला वेळ लागतो, आणि वळलात की थांबणंही कठीण. बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे, पुढच्या चाकांच्या आसपास असतं, म्हणजे लांब हातात बादली. बॉक्स्टरमध्ये ते माणसांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, जवळजवळ मधोमध असतं. त्यामुळे घाटाच्या वळणावर ती गाडी शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत ऐकते. मी ती एकदा एका ओळखीच्यांच्या शेजारी बसून आणि पुढे अर्धा तास स्वतः चालवून अनुभवली आहे. ते सुख खरं आहे. जो म्हणतो "सगळ्या गाड्या सारख्याच", त्याला हे सुख ठाऊक नाही. जो म्हणतो "एवढ्या सुखापुढे पैशाचं काय", त्याने हिशेब केलेला नाही. मी दोन्ही करायचं ठरवलं.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. मोल नसेल, पण हिशेब जरूर आहे. तो मी वहीत मांडला. आकडे माझे अंदाज आहेत, तुमचे वेगळे येतील. पण मांडायची रीत बघा.

आधी नव्या गाडीचं बघू, म्हणजे मी जुनी का शोधतोय ते कळेल. शोरूमची किंमत ही नुसती सुरुवात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, मोठ्यांचा ४० टक्के झाला आणि वरचा सेस गेला. त्यावर आपला आरटीओ टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो १३ टक्के आहे. गाडी बाहेरून आयात केलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर असेल तर सरळ २० टक्के. त्याची कमाल मर्यादा पूर्वी २० लाख होती, ती जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस. तो निदान इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो.

आणि हे सगळं भरून गाडी गेटातून आत आली की घसारा सुरू. विमा कंपन्यांचं कोष्टक पाहा. पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्के, वर्ष भरताना १५, दुसऱ्या वर्षाला २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षाला ५० टक्के. भरलेला टॅक्स तर विकताना कोणी वेगळा मोजून देत नाही. म्हणून शहाणे लोक म्हणतात, अशी गाडी दुसऱ्याने पाच-सात वर्षं वापरल्यावर घ्यावी. मोठा घसारा त्याने सोसलेला असतो. हे पटण्यासारखं आहे. पण त्यात एक मेख आहे. जुनी झाल्यावर गाडीची किंमत निम्मी होते, तिच्या पार्टची होत नाही. ब्रेकच्या डिस्क, टायर, गिअरबॉक्सची दुरुस्ती, सगळं नव्या गाडीच्या भावातच. साठ लाखांत मिळाली म्हणून तिला साठ लाखांच्या गाडीचा खर्च येतो असं नाही. ती मूळ ज्या किमतीची होती, त्या किमतीचा येतो.

आता वही. समजा बॉक्स्टर ६५ लाखांना मिळाली. हे पैसे बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी वर्षाला ४ लाख ५५ हजार व्याज आलं असतं. ते गेलं. वर्षाचा घसारा ५ लाख धरला. विमा, सर्व्हिसिंग, टायरसाठी बाजूला काढायचे म्हणून अडीच लाख. एकूण १२ लाख ५ हजार. माझी आत्ताची गाडी १२ लाखांची धरली तर व्याज ८४ हजार, घसारा ६० हजार, विमा-देखभाल ८० हजार. एकूण २ लाख २४ हजार. पेट्रोल दोन्हीकडून वगळलं, कारण या हिशेबात ते चिल्लर आहे.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा. हे पैसे भागायचे कशाने? बहुतेक लोक किलोमीटरने भागतात. रोजच्या गाडीला ते ठीक. रविवारच्या गाडीला रविवारने भागलं पाहिजे. मला नोंदी ठेवायची सवय आहे. गेल्या वर्षी ५२ रविवार. त्यातले पावसाळ्याचे १७ सोडले, कारण त्या दिवसांत ताम्हिणीला गाड्यांची रांग लागते आणि वरंध्यात दरड कधी येईल याचा भरवसा नाही. राहिले ३५. त्यातले चार लग्न-मुंजीत गेले, पाच ऑफिसच्या कामात आणि परगावी, दोन सोसायटीच्या मीटिंगला (सेक्रेटरी, हे नोंदवून घ्या), आणि दोन रविवारी झोप जास्त प्यारी वाटली. हातात उरले २२.

बारा लाख पाच हजार भागिले बावीस म्हणजे एका रविवारचे जवळपास ५५ हजार रुपये. आत्ताची गाडी एका रविवारला १० हजारांना पडते. म्हणजे प्रत्येक रविवारी पहाटे मी खिशातून ४५ हजार जास्तीचे काढून देणार आणि दहा वाजता पोह्यांना घरी परत येणार.

हा आकडा मी घरात वाचून दाखवला तेव्हा आमच्या सौभाग्यवती रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला गाडी कमी पडतेय की रविवार?"

मंडळी, वर्षभरात मी वाचलेल्या सगळ्या माहितीपेक्षा हा प्रश्न मोठा निघाला. कारण महाग गाडी मला रविवार देणार नव्हती. बावीसचे बावीसच राहणार होते. कदाचित कमीच झाले असते, कारण साठ-पासष्ट लाखांची गाडी बाहेर काढायला हात कचरतो. आज पाऊस येईल, आज रस्ता खराब असेल, तिथे पार्किंग नीट नसेल. वस्तू फार महाग झाली की आपण ती वापरत नाही, राखतो. आपल्या आज्यांच्या पैठण्या अशाच ट्रंकेत घडीवर विरल्या.

आणि गाडी तर उभी राहूनही झिजते. हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगतो. परदेशी गेलात, गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, तर चार गोष्टी बघा. बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दाबून बसतो, आणि न चालवताही त्याचं रबर कडक होत जातं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचायला शिका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. आणि चौथी गोष्ट म्हणजे उंदीर. वायर कुरतडताना तो गाडीची किंमत बघत नाही.

आता सोसायटीचा भाग, कारण ही गाडी माझी असली तरी जागा आपली आहे. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. ती जागा सोसायटीची. आदर्श उपविधींप्रमाणे एका सभासदाला एक जागा, आणि जागा उरल्या तर दुसरी मिळते ती वर्षापुरती. माझी रविवारची गाडी त्या वर्षापुरत्या जागेवर उभी आहे. उद्या ए विंगमधल्या एखाद्या तरुण जोडप्याने पहिली गाडी घेतली तर माझी दुसरी जागा जाणार, आणि गेलीच पाहिजे. पोलो मी बाहेर रस्त्यावर कव्हर घालून ठेवू शकतो. बॉक्स्टर ठेवेन का? रात्रभर गॅलरीतून वाकून बघत बसेन. म्हणजे ज्या गाडीसाठी आयुष्यातली मोठी रक्कम घालायची, तिचा निवारा दरवर्षीच्या एजीएमवर अवलंबून.

दुसरं, आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसने गाडी हळुवार वरून जाते. आपल्या गेटासमोरचा अर्धा मीटर रुंद आहे आणि उंचीचं न बोललेलं बरं. पोट खाली असलेली गाडी त्यावरून तिरकी काढावी लागते, आणि तिरकी काढताना मागे स्कूलबस हॉर्न वाजवते. (कमिटीने हे टीका म्हणून नव्हे, सूचना म्हणून घ्यावं.)

पण माझ्यासाठी तराजू खरा झुकला तो सीटांवर. बॉक्स्टरला दोनच सीट. आईचं वय ८२. तिला पुढच्या सीटवर बसवून, मागे लेक आणि सौ., असे आम्ही गेल्या हिवाळ्यात वाईला गेलो. पसरणी घाट चढताना आई म्हणाली, "हळू घे, पण थांबू नकोस." तिच्याबरोबरचे किती रविवार आहेत हे वहीत लिहिता येत नाही. लेक पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाईल. दोन सीटांची गाडी घेतली तर दर रविवारी घरी कोण थांबणार, हे ठरवावं लागेल. हौस एकट्याची असायला हरकत नाही, माझ्या पुष्कळशा फेऱ्या एकट्याच्याच असतात. पण या चार-पाच वर्षांत तरी मागची सीट मला हवी आहे.

याचा अर्थ महाग गाडी घेणं चूक, असं मी म्हणत नाही. आपल्या बी विंगमधल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी आपली हौसेची गाडी बदलून दुपटीने महाग घेतली. ते ती दर आठवड्याला काढतात, कधी कामाच्या दिवशीही, आणि त्यांच्या भागाकारात रविवार इतके येतात की एका फेरीचा खर्च माझ्या आत्ताच्या खर्चाच्या फार वर जात नाही. त्यांचा निर्णय बरोबर आहे. म्हणून मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या केल्या. कोणाला उपयोगी पडल्या तर घ्या.

पहिली कसोटी पैशाची. गाडी कर्जाशिवाय घेता येते का, आणि घेतल्यावर निवृत्तीची शिल्लक, मुलांचं शिक्षण, घरातल्या मोठ्यांचं आजारपण यांतल्या कशालाही हात लागत नाही ना? माझी सहा वर्षं नोकरी उरली आहे. लागणारे ५३ लाख हे त्याच शिल्लकीतून येणार होते. इथेच मी अर्धा नापास.

दुसरी कसोटी कमतरतेची. आत्ताच्या वस्तूत काय कमी आहे, ते एका वाक्यात सांगता येतं का? "नवी छान आहे" हे उत्तर धरायचं नाही. माझं वाक्य होतं, "वळणावर ती पुढून जड वाटते." मग मेकॅनिककडे गेलो. टायर सहा वर्षांचे झाले होते, सस्पेन्शनचे बुश थकले होते. चांगले टायर, नवे बुश, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट, सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत झालं. गाडी बॉक्स्टर झाली नाही. पण माझ्या वाक्यातला बराचसा भाग पुसला गेला.

इथे जपानच्या माझदा एमएक्स-५ गाडीची आठवण होते. १९८९ मध्ये आलेली छोटी, हलकी, दोन सीटांची गाडी. ताकद बेताची. तिच्या मागचं तत्त्व ते 'जिनबा इत्ताई' या शब्दांत सांगतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. जगातल्या एवढ्या लोकांनी ती घेतली ती ताकदीसाठी नाही. लहान गाडी तिच्या पूर्ण क्षमतेने चालवण्यात जी मजा आहे, ती मोठी गाडी पाव क्षमतेने चालवण्यात नाही.

तिसरी कसोटी वापराची. गेल्या दोन वर्षांत वापर वाढतोय की घटतोय? वाढत असेल तर मोठी वस्तू घ्या. घटत असेल तर नवी वस्तू तो वाढवेल या आशेवर घेऊ नका. व्यायामाचं सायकल-यंत्र कोणाकोणाच्या गॅलरीत कपडे वाळवतंय, हे मी इथे विचारणार नाही.

तेव्हा आमच्या घरचा निर्णय असा झाला. बॉक्स्टर या वर्षी नाही. तिच्या मालकांना मी फोन करून तसं कळवलं. दुसऱ्या कोणी ती घेतली असेल, आणि हे सांगताना मला काहीच वाटत नाही असं नाही. वाटतं. एकोणतीस वर्षं नोकरी करून माणसाने एक वेडी गोष्ट करावी, या मताचा मी अजूनही आहे.

वाचलेल्या पैशांतले थोडे मी दोन गोष्टींवर खर्च करणार आहे. एक, कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जाऊन चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेणार. तिथे समोरून एसटी येत नाही, रस्त्यात म्हैस बसलेली नसते, आणि वेगाची हौस कोणाचा जीव धोक्यात न घालता भागते. तरुण मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावं. घाट हा रेसिंग ट्रॅक नाही, तिथे पलीकडच्या वळणावर कोणाची तरी आई पुढच्या सीटवर बसलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे रविवार. ऑफिसात सांगून टाकलं आहे की रविवारी सकाळी दहापर्यंत माझा फोन बंद. या वर्षी ३२ रविवार गाडी काढायची, त्यातले आठ आईबरोबर.

वही चालू आहे. आजपर्यंतचे अकरा झालेत. मार्चअखेर बेरीज करीन. बत्तीस भरले आणि पुढच्या वर्षीही भरले, तर हा विषय आमच्या घरात पुन्हा निघेल, आणि सौभाग्यवतींनी तसं लेखी दिलं आहे. तोपर्यंत गाडीच्या कव्हराखाली काय आहे ते ज्यांना बघायचंय त्यांनी रविवारी पावणेसहाला सी विंगखाली या. तीन जणांची जागा आहे. भुर्जी-पावाचे पैसे माझ्याकडे, डबा ज्याचा त्याने आणायचा.



— सी विंगमधील एक सभासद